रस्सीखेचीनंतरचा सोमवार

शनिवारी सकाळी सात वाजता बेंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकात एकसारखे टी-शर्ट घातलेले वीस-बावीस जण टीटीची वाट पाहताना दिसले, की समजावं, कुठल्या तरी कंपनीचं 'टीम आउटिंग' निघालं आहे. टीटी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर. ती म्हैसूर रस्त्याला लागते, बिडदीला ताटलीएवढ्या तट्टे इडलीसाठी थांबते आणि रामनगरच्या आसपास, 'शोले'तल्या त्या खडकांच्या जवळपास, एखाद्या रिसॉर्टच्या फाटकातून आत शिरते. आत दोरी तयार असते. दिवसभर रस्सीखेच होते, डोळे बांधून सहकाऱ्याच्या आवाजावर चालणं होतं, कागदाचे मनोरे होतात, संध्याकाळी डीजे लागतो. अशा नऊ सहलींना मी गेलो आहे. त्यांचे टी-शर्ट अजून घरी फरशी पुसायला उपयोगी पडतात.

एका सहलीत आमच्याकडचे प्रोग्रॅम लिहिणारे आणि ते तपासणारे, म्हणजे 'डेव्ह' आणि 'टेस्टिंग', मुद्दाम दोरीच्या एकाच टोकाला लावले होते. या दोन गटांचं एरवी फारसं पटत नसे. त्या दिवशी मात्र टाचा रोवून, एका सुरात हाका देत त्यांनी समोरच्यांना चिखलात ओढलं. फोटो निघाले, टाळ्या झाल्या. सोमवारी सकाळी साडेदहाला टेस्टिंगमधल्या मुलीने आठ पावलांवर बसलेल्या डेव्हमधल्या मुलाला ईमेल पाठवली. विषय : तीच चूक, तिसऱ्यांदा. सीसीमध्ये दोघांचेही मॅनेजर.

दोन दिवसांपूर्वी एकच दोरी ओढणाऱ्यांना आठ पावलं चालत जाऊन बोलता का आलं नाही? 'हे खेळ म्हणजे पैशांचा चुराडा' असं म्हणून विषय मिटवता येतो, आणि कॅन्टीनमध्ये तो तसाच मिटतोही. पण काही खेळ खरोखर उपयोगी पडतात. कुठले पडतात आणि कुठले नाहीत, हे कळायला आधी कामाच्या जागी बोलणं नेमकं अडतं कुठे, ते पाहावं लागतं.

टेबलावर वाजवलेली आरती

घरी करून बघा. गणपतीची आरती मनात म्हणत टेबलावर बोटांनी फक्त ठेका वाजवा आणि समोरच्याला ओळखायला सांगा. तुम्हाला वाटेल, इतकं सोपं कोण ओळखणार नाही! समोरचा मात्र गोंधळलेल्या चेहऱ्याने बघत राहील.

१९९०मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने हाच प्रयोग तिथल्या लोकप्रिय गाण्यांवर केला. एकूण १२० गाणी वाजवली गेली. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी ओळखली जातील. ओळखली गेली ती फक्त ३.

यात ऐकणाऱ्याच्या बुद्धीचा दोष नाही. वाजवणाऱ्याच्या डोक्यात शब्द, चाल, झांजा, टाळ्या सगळं चालू असतं. समोरच्यापर्यंत पोचते ती नुसती टकटक. आणि आपल्याला जे ऐकू येतं ते दुसऱ्याला ऐकू येत नाही, हे वाजवताना काही केल्या मनात येत नाही. मानसशास्त्रात याला 'ज्ञानाचा शाप' म्हणतात. एखादी गोष्ट माहीत झाली, की ती माहीत नसण्याची अवस्था आठवेनाशी होते. पाच वर्षं एकच काम करणारा माणूस नव्या मुलाला म्हणतो, "ती फाइल नेहमीच्या जागी ठेव." नेहमीची जागा कुणाची?

पाठीला पाठ

यावरचा एक खेळ टीम आउटिंगमध्ये नेहमी असतो. दोघे पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात आकृती, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्याने वर्णन करायचं, दुसऱ्याने न बघता काढायचं. शेवटी दोन्ही कागद शेजारी धरले की हशा पिकतो. घर काढायला सांगितलेलं असतं, आलेलं असतं जहाज.

या खेळाचा एक जुना आणि गंभीर भाऊबंद आहे. १९५१मध्ये हॅरोल्ड लेव्हिट आणि रोनाल्ड म्यूलर यांनी विद्यार्थ्यांना आयतांच्या जुळण्यांचं वर्णन ऐकवून त्या काढायला लावल्या. त्यांनी चार पायऱ्या ठरवल्या होत्या. पहिल्या पायरीत सांगणारा दिसत नसे आणि ऐकणाऱ्याने आवाजही काढायचा नसे. दुसरीत एकमेकांचे चेहरे दिसत, पण बोलायला बंदी. तिसरीत सांगणाऱ्याच्या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणता येई. चौथीत मोकळीक होती. मध्येच थांबवून काहीही विचारावं. जसजशी मोकळीक वाढली, तसतशा आकृत्या अचूक झाल्या आणि दोन्ही बाजूंचा आत्मविश्वासही वाढला. वेळ मात्र जास्त लागला.

वेळ जास्त लागला, ही यातली कामाची गोष्ट. 'प्रश्न शेवटी विचारा' असं म्हणणारा साहेब वेळ वाचवतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो वेळ पुढे ढकलतो, आणि पुढे तोच वेळ चुका निस्तरण्यात जातो. प्रयोगात आणखी एक दिसलं. मोकळेपणाने विचारायची सवय झाली की पुढच्या आकृत्यांना कमी वेळ लागू लागला, कारण 'वरचा', 'डावीकडचा' म्हणजे काय यावर दोघांचं आपोआप एकमत होत गेलं.

बेंगळुरूत तर दुसऱ्या पायरीतच एक गंमत होते. इथे 'हो' म्हणताना मान दोन्ही बाजूंना हलकेच डोलते. नव्याने आलेल्या नागपूरकराला ते 'नाही, नाही' वाटतं. बिचारा समजावत राहतो आणि समोरचा आणखी जोरात मान डोलावत राहतो.

> चौकट : हा खेळ कचेरीत खेळायचा असेल तर
>
> रिसॉर्ट लागत नाही. एक खोली आणि अर्धा तास पुरतो. घर-झाडाची आकृती घेऊ नका, कामातलाच कागद घ्या : ग्राहकाची तक्रार, गोदामाचा आराखडा, औषधांच्या वेळांचा तक्ता. पहिल्या फेरीत प्रश्नांना बंदी, दुसऱ्या फेरीत प्रश्न हवे तितके. मग जोड्या उलट करा. साहेबांनी ऐकणाऱ्याच्या जागी बसावं. निम्मा वेळ खेळाला आणि निम्मा नंतरच्या बोलण्याला राखून ठेवा. त्या बोलण्यात एकच विचारायचं : कुठला शब्द तुम्ही वेगळ्या अर्थाने घेतलात? ते शब्द फळ्यावर लिहा आणि महिनाभर पुसू नका.

खेळानंतरचं हे बोलणंच बहुतेक सहलींत गाळलं जातं, कारण तोवर जेवणाची घंटा झालेली असते. फोडणी करून ठेवावी आणि भाजी घालायला विसरावं, तसं हे आहे.

पंगतीतले वाढपी

आता थोडं अवघड वळण. लग्नाची पंगत आठवा, म्हणजे जुनी, बसून जेवायची. मीठ-लिंबू वाढणारा पुढे गेलेला असतो, त्याच्या मागे चटणी-कोशिंबीर, मग भाजी, मग वरणाची बादली. पंगतीत कुणी "मीठ!" म्हटलं, तर भातवाला स्वतः मीठ शोधायला धावत नाही. तो फक्त ज्याच्याकडे मीठ आहे त्याला हाक मारतो. या वाढप्यांची एकमेकांशी दाट मैत्री असतेच असं नाही. कुणाकडे काय आहे, हे मात्र प्रत्येकाला माहीत असतं.

'कुणाला काय माहीत आहे, याची सगळ्यांना असलेली माहिती' यावर डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८५मध्ये लिहिलं. आपण तिला इथे 'वाटून घेतलेली आठवण' म्हणू. घरात असते तशीच ही. गॅसची पावती कुठे ते आईला ठाऊक, विम्याची तारीख बाबांना, वायफायचा पासवर्ड मुलीला. कुणालाच सगळं ठाऊक नसतं आणि घर तरी चालतं.

पुढे अमेरिकेतच डियान लियांग, रिचर्ड मोरलँड आणि लिंडा अर्गोट यांनी लोकांना रेडिओ जोडायला शिकवलं. काहींना एकेकटं शिकवलं, काहींना तिघा-तिघांच्या गटात. आठवड्याने सगळ्यांची गटात परीक्षा घेतली. एकत्र शिकलेल्यांनी रेडिओ बरे जोडले, चुका कमी केल्या. १९९५मध्ये हे प्रसिद्ध झालं. पण शंका राहिलीच. एकत्र शिकल्याने त्यांची नुसती ओळख-मैत्री झाली म्हणून तर हे झालं नसेल?

म्हणून मोरलँड आणि सहकाऱ्यांनी पुढच्या प्रयोगात आणखी एक गट घेतला. यातल्यांना रेडिओ एकेकटं शिकवला आणि मग त्यांच्याकडून चक्क टीम बिल्डिंगचा उपक्रम करून घेतला. निकाल असा, की त्यांची कामगिरी एकेकट्याने शिकलेल्यांसारखीच झाली. जवळीक वाढवून रेडिओ नीट जुळला नाही. रेडिओ एकत्र जोडताना कुणाचा हात तारांवर चांगला बसतो आणि कुणाला क्रम लक्षात राहतो, हे ज्यांनी पाहिलं होतं, त्यांनाच तो जुळला.

रस्सीखेचीचं कोडं इथे बरंचसं सुटतं. दोरी ओढताना कोण जोरात ओढतो आणि कोण मध्येच हात सोडून फोटो काढतो, एवढं कळतं. सोमवारच्या कामात ही माहिती कुठे वापरणार?

अशा उपक्रमांवर झालेले अभ्यास एकत्र करून पाहिलेल्यांचं म्हणणंही फार वेगळं नाही. एदुआर्दो सालस आणि सहकाऱ्यांना १९९९मध्ये टीम बिल्डिंगचा कामगिरीवर एकूण असा ठळक परिणाम दिसला नव्हता. २००९मध्ये कॅमरॉन क्लाइन आणि सहकाऱ्यांनी (त्यांत सालसही होते) जास्त अभ्यास जमवले, तेव्हा बेताचा का होईना, फायदा दिसला. त्यातही दोन प्रकारांचा जास्त : गटाने आपलं उद्दिष्ट एकत्र बसून ठरवणं, आणि कुणाचं काम काय हे स्पष्ट करून घेणं. दोन्ही गोष्टींना दोरी लागत नाही. टी-शर्ट तर नाहीच.

तीनदा सांगूनही

शब्द जुळले, कुणाकडे काय आहे तेही कळलं. तरी माणूस गप्प बसू शकतो, किंवा बोलला तरी त्याचं ऐकलं जात नाही. हे किती महाग पडतं, याचं उदाहरण कर्नाटकातच आहे.

२२ मे २०१०. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळुरूच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर उतरताना पुढे निघून गेलं आणि दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, ८ वाचली. चौकशीत पुढे आलं, की विमान चुकीच्या उंचीवरून उतरतंय हे सहवैमानिकाच्या लक्षात आलं होतं. उतरणं रद्द करून विमान पुन्हा वर घ्यावं, असं त्याने तीनदा सांगितलं. मुख्य वैमानिकाने ऐकलं नाही, आणि सहवैमानिकाने ताबा स्वतःकडे घेतला नाही. अशा वेळी सहवैमानिकाचा अधिकार नेमका किती, याबाबतच्या सूचनांमध्येच संदिग्धता होती, असं अहवालाने म्हटलं.

विमानवाहतुकीने हा धडा आधी एकदा फार मोठी किंमत देऊन घेतलेला होता. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. तिथेही कॉकपिटमधल्या धाकट्याची शंका ऐकली गेली नव्हती. त्यानंतर १९७९मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१पासून अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांना 'कॉकपिटमध्ये कसं बोलायचं' हे रीतसर शिकवायला सुरुवात केली. धाकट्याने शंका कशा शब्दांत मांडायची, ऐकलं नाही तर पुढची पायरी कोणती, थोरल्याने ती कशी ऐकून घ्यायची, हे सगळं. आणि हा सराव रिसॉर्टच्या हिरवळीवर होत नाही. खऱ्यासारख्या कॉकपिटमध्ये, खऱ्यासारखं संकट उभं करून तो होतो.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजताना एक विचित्र आकडेवारी मिळाली. चांगल्या चालणाऱ्या विभागांत चुका जास्त दिसत होत्या! उलगडा असा झाला, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. बाकी ठिकाणी त्या झाकल्या जात. 'मला कळलं नाही', 'माझं चुकलं', 'साहेब, तुमचं चुकतंय' ही तीन वाक्यं बोलली तर आपली शोभा होणार नाही, या गटातल्या सामाईक भरवशाला त्यांनी 'मानसिक सुरक्षितता' म्हटलं. गूगलने २०१२पासून स्वतःच्या १८० टीम तपासल्या, तेव्हा चांगल्या टीमचं सर्वांत महत्त्वाचं लक्षण म्हणून हेच वर आलं.

बेंगळुरूला हे गूगलकडून शिकायची गरज नव्हती. इस्रोचं मुख्यालय या शहरात आहे, आणि ते इथे आहे याला कारण सतीश धवन. इथल्या भारतीय विज्ञान संस्थेचं संचालकपद न सोडता त्यांनी इस्रो सांभाळली. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३चं पहिलं उड्डाण फसलं, रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. प्रकल्पाचे प्रमुख होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. पत्रकारांसमोर मात्र धवन स्वतः बसले, अपयशाची जबाबदारी घेतली आणि ही टीम पुढच्या वेळी करून दाखवेल असं सांगितलं. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा त्यांनी कलामांना सांगितलं, आज पत्रकार परिषद तुम्ही घ्या. कलाम ही गोष्ट पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

पहिल्या परिषदेत खरं काय घडलं ते बघा. आपण चूक कबूल केली तर बळी जाणार नाही, हे शेकडो अभियंत्यांनी त्या दिवशी पाहिलं. त्यानंतर कुठली झडप अडकली आणि कुठली गळती कुणाला दिसली होती, हे टेबलावर यायला अडचण उरली नाही. 'डोळे बांधून मागे पडा, सहकारी झेलतील' या खेळाला 'विश्वासाचा खेळ' म्हणतात. मला तो कधीच पटला नाही. गवतावर झेलणं सोपं असतं. आढावा बैठकीत झेलणारा पाहिजे.

बाय-टू

राहिली ती आठ पावलं. एमआयटीचे टॉमस ॲलन १९७०च्या दशकात अभियंत्यांच्या टेबलांमधलं अंतर मोजत होते. अंतर वाढतं तसं बोलणं झपाट्याने घटतं, आणि पन्नासेक मीटरनंतर जवळजवळ संपतंच, असं त्यांना आढळलं. आठ पावलं म्हणजे फार नाही. पण बोलायला जवळ असणं लागतं तसं निमित्तही लागतं.

एमआयटीच्याच अॅलेक्स पेंटलंड यांनी एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये कर्मचाऱ्यांच्या गळ्यात संवाद मोजणारे बिल्ले अडकवले. कोण काय बोलतो ते बिल्ले टिपत नसत; कोण कुणाशी, किती वेळ, कुठल्या सुरात, एवढंच. दिसलं असं, की ज्या टीममधले लोक कामाच्या बैठकीबाहेर एकमेकांशी बोलतात, त्यांचं काम चांगलं होतं. त्यांनी सुचवलेला उपाय जवळजवळ हास्यास्पद वाटावा असा होता : एकेकट्याला वेगवेगळ्या वेळी सुट्टी देण्याऐवजी सगळ्या टीमला कॉफीची सुट्टी एकाच वेळी द्या. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार, मागे पडलेल्या टीममध्ये फोन हाताळायला लागणारा सरासरी वेळ २० टक्क्यांहून जास्त घटला आणि एकूण कॉल सेंटरमध्ये ८ टक्के.

बेंगळुरूत यासाठी बिल्ले नकोत. कुठल्याही दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या उडुपी हॉटेलात, "बाय-टू कॉफी" म्हटलं की एक कॉफी दोन पेल्यांत वाटून मिळते. खुर्च्या नसतात, त्यामुळे साहेबाची खुर्चीही नसते. कंबरेएवढ्या उंच टेबलाभोवती चौघे उभे राहतात, आणि बैठकीत तासभर न निघालेली गोष्ट तिथे सात मिनिटांत निघते. आपण पुण्यात ज्याला कटिंग म्हणतो त्याचंच हे सख्खं भावंड.

इथे एक अडचण सांगायलाच हवी. शहाजीराजांची जहागीर होती तेव्हापासून या शहराला बाहेरच्या बोलींची सवय आहे, आणि आज एकेका टेबलाभोवती चार-पाच भाषा असतात. तीन कन्नडिग आपसात कन्नडमध्ये गेले की बिहारचा मुलगा फोन काढतो. तीन हिंदीवाले हिंदीत गेले की हासनची मुलगी. कुणी मुद्दाम करत नाही. सहलींचंही तेच. शनिवारी लहान मूल असलेली बाई येत नाही, न पिणारा आठ वाजता खोलीत जातो, रात्रपाळीचे आणि कंत्राटी लोक तर यादीतच नसतात. ज्यांच्याशी बोलणं सर्वांत जास्त अडलेलं असतं, नेमके तेच फोटोत नसतात.

तिसऱ्यांदा

आमच्या त्या ईमेलचं पुढे काय झालं? काहीच नाही, सात आठवडे. मग एका ग्राहकाची तक्रार आली आणि दोघांना नाइलाजाने एका टेबलावर, एका स्क्रीनसमोर बसावं लागलं. त्याने दुरुस्ती केली आणि यादीत 'फिक्स्ड' असं लिहिलं. तिने तिथेच, त्याच्यासमोर, तपासून पाहिलं. चूक जशीच्या तशी.

"बघ," ती म्हणाली, "पुन्हा तेच."

त्याने तिच्या स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कुठल्या सर्व्हरवर बघते आहेस?"

तिचा सर्व्हर रोज रात्री दोन वाजता अद्ययावत होत असे. तो दुपारी 'फिक्स्ड' लिही, म्हणजे 'माझ्याकडे झालं'. ती चार वाजता तपासे आणि तिला कालचाच प्रोग्रॅम दिसे. दोन वर्षं ती त्याला बेफिकीर समजत होती आणि तो तिला भांडखोर. टकटक दोघांनाही ऐकू येत होती, आरती आपापली.

त्या दुपारी त्यांनी यादीत 'फिक्स्ड'च्या पुढे एक रकाना वाढवला : कुठे.